जॉन स्पीडचे काउंटी नकाशे हाताने रंगवायचे आहेत: कागद, हिरवा रंग आणि आपला पावसाळा

खाडीकाठ (मालवण)

नमस्कार मंडळी. एका होमस्टेच्या जेवणघरासाठी पाच नकाशे करायचे आहेत. चार इंग्लंडातल्या काउंट्यांचे (तिथल्या जिल्ह्यांचे), म्हणजे कॉर्नवॉल, डेव्हन, नॉरफोक आणि विल्टशायर. जॉन स्पीड या जुन्या इंग्रज नकाशाकाराच्या १६११-१२ च्या ॲटलासातले, मूळ मापात, हाताने रंगवलेले. पाचवा त्याच धाटणीचा, पण आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचा. पाचही एका रांगेत लागणार आहेत, त्यामुळे शेजारी शेजारी विजोड दिसता कामा नयेत.

चार काउंट्या डिजिटल प्रेसवर ३०० जीएसएम मॅट आर्ट कार्डावर छापून घेतल्या. छपाई सुरेख आहे, पण जलरंगाचा हात फिरवला की रंग थेंब थेंब होऊन गोळा होतो, आणि दुसरा हात दिला की कागदाचा पांढरा थरच ब्रशाला लागून येतो. समुद्र निळा भरून पाहिला तर शाळेतला नकाशा वाटतो. हिरवा डोळ्यांत खुपतो. त्यात जून तोंडावर आलाय.

कागद कुठला, रंग कुठले, कुठल्या क्रमाने, जुनेपणा कसा आणायचा (चहाचं पाणी चालेल का?) आणि फ्रेम कशी केली म्हणजे दोन पावसाळ्यांत बुरशी धरणार नाही, हे जाणकारांनी सांगावं. मोघम नको, मापं सांगा.

कागदकाम (कुडाळ)

दोष रंगाचा नाही, कार्डाचा आहे. आर्ट कार्ड म्हणजे कागदावर बारीक खनिज भुकटीचा लेप. हा लेप पाणी आत घेत नाही आणि भिजला की सुटतो. ३० मिली पाण्यात ऑक्स गॉलचे (रंग पसरवणारं, बैलाच्या पित्तापासूनचं द्रावण) दोन-तीन थेंब टाकलेत तर रंग पसरेल, पण लेप सुटायचा तो सुटणारच. ती चार कार्डं टाकू मात्र नका. कुठल्या भागाला कुठला रंग याची आखणी त्यांच्यावर रंगीत पेन्सिलीने करा.

खऱ्या कामाला १०० टक्के कापसाचा, हॉट प्रेस म्हणजे गुळगुळीत पोताचा जलरंगाचा कागद घ्या, ३०० जीएसएम. कोल्ड प्रेसचा खडबडीतपणा इथे नडतो. स्पीडच्या नकाशात समुद्र बारीक ठिपक्यांनी भरलेला असतो, डोंगरांच्या सावल्या केसासारख्या रेघांच्या असतात. खळगे असलेल्या पोतावर ठिपके निम्मे उठतात, निम्मे नाही. छापलेला भाग साधारण ३८ × ५१ सेंमी आहे. ए२ मध्ये तो बसतो, पण दोन्ही लांब बाजूंना जेमतेम दोन-दोन सेंमी उरतात आणि कागद ताणायला डिंकाची पट्टी लावायची कुठे हा प्रश्न येतो. म्हणून ५६ × ७६ सेंमीचा पूर्ण ताव, एका तावात एकच नकाशा.

छपाई पिगमेंट शाईच्या २४ इंची प्लॉटरवर, जाड कागद न वाकवता सरळ घेणाऱ्या. बऱ्याच दुकानांत डाय शाईचा प्लॉटर असतो, ती शाई पाणी लागताच जांभळट फुटते. दुकानदार काहीही म्हणो, आधी वीतभर पट्टी छापून घ्या. कोरड्या हवेत २४ तास, पावसाळी हवेत ४८ तास वाळू द्या आणि ओला कापूसबोळा काळ्या रेघेवर दहा वेळा घासा. बोळा करडा झाला तर ती शाई नको. इंकजेटसाठी लेप दिलेले महागडे ‘फाइन आर्ट’ कागदही टाळा. त्यांचा लेप रंग टिपकागदासारखा ओढतो, डाग पडतात आणि एकदा पडलेला रंग उचलता येत नाही. लेप नसलेल्या कागदावर रेघ किंचित मऊ येईल, काळा जरा करडा वाटेल. येऊ दे. उलट तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्याच्या जवळ जाते.

रेघ काळीच छापा. तपकिरी छापण्याची हौस फार दिसते. जुनी शाई काजळी-तेलाची, काळी होती. पिवळा-तपकिरी पडतो तो कागद.

स्कॅन कुठून घेतलाय त्यावर बरंच अवलंबून आहे. मूळ मापात ६०० डीपीआय हवा. ३०० ला अक्षरं निभावतात, ठिपके नाही. शक्यतो न रंगवलेल्या प्रतीचा घ्या. केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात स्पीडच्या नकाशांच्या न रंगवलेल्या चाचणी-छपाया आहेत आणि त्या ऑनलाइन पाहता येतात. नकाशावर आता कुणाचा हक्क नसला तरी ग्रंथालयाच्या छायाचित्राला त्यांच्या अटी असतात. विक्रीचं काम आहे, तेव्हा त्या आधी वाचा आणि लागेल तिथे परवानगी घ्या. काही चाचणी-छपाया अर्धवट कोरलेल्या पत्र्यांच्या आहेत, त्यामुळे पक्क्या आवृत्तीशी ताडूनही बघा.

रंगीत प्रतच मिळाली तर फोटो-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही चॅनल वेगळे काढून एकावर एक ‘लाइटन’ पद्धतीने ठेवा. प्रत्येक ठिकाणी तिन्हींतला सर्वांत उजळ अंश उरतो. रंग फिकट होतो, काळी रेघ तिन्हींत गडद असल्याने टिकते. उरलेला करडेपणा लेव्हल्सने हलवा, पण थेट काळं-पांढरं करू नका. त्यात दाट रेघा एकमेकींत भरतात आणि विरळ रेघा तुटतात.

हातकागद वापरायचा असेल, पुण्याच्या हातकागद संस्थेचा किंवा आणखी कुठला, तर आधी पाण्याचा थेंब टाकून मिनिटभर बघा. थेंब टिकला तर ठीक. आत मुरून काळा डाग झाला तर कागदाला साइझिंग (पाणी मुरू न देणारी खळ) कमी आहे आणि रंग फुटणार. १ लिटर पाण्याला २५ ग्रॅम जिलेटिन. अर्धा तास गार पाण्यात भिजवायचं, मग भांड्यात भांडं ठेवून ५० अंशांपर्यंत तापवायचं. उकळलं की त्याचा चिकटपणा मरतो. कोमट असताना रुंद मऊ ब्रशने एकच हात, आणि दोरीवर टांगून वाळवायचं. जुन्या कृतींत यात तुरटी असते. नका घालू, आम्लाने कागद पुढे ठिसूळ होतो. आणि हे काम डिसेंबर ते एप्रिलच. पावसाळ्यात जिलेटिन वाळायच्या आत बुरशी धरतं. तेव्हा करणं भागच पडलं तर १ टक्का मिथाइल सेल्युलोज. त्याची पकड कमी, पण बुरशीला ते रुचत नाही.

चितारआळी (सावंतवाडी)

कागदाचं वर आलंच आहे. आता रंग.

पोस्टर कलर, गॉश, ॲक्रिलिक बाजूला ठेवा. आमच्या गंजिफाला (हाताने रंगवलेल्या पत्त्यांना) अपारदर्शक रंग चालतो, कारण पानावर आधी जमीन तयार होते, तिच्यावर रंग बसतो आणि बारीक रेघ अखेरीला वरून येते. नकाशात रेघ आधीच कोरून ठेवलेली आहे. तिच्यावर जाणारा रंग काचेसारखा पारदर्शक हवा. रंग दिल्यावर डोंगराची सगळ्यांत बारीक रेघ हातभर अंतरावरून वाचता आली पाहिजे. नाही आली तर रंग दाट झाला.

जुने रंग कुठले होते ते माहीत असावं, म्हणजे बदली नीट निवडता येते. हिरवा म्हणजे जंगाल, तांब्यावर आंबवून काढलेला. पिवळा बहुधा गॅम्बोज. तो आपल्या रातांब्याच्याच कुळातल्या, पण पूर्वेकडच्या झाडाचा चीक. गुलाबी कोचिनीलच्या किड्याचा, निळ्यात नीळ किंवा ॲझुराइट, आणि गावांच्या लालीला हिंगूळ किंवा शेंदूर. यांतलं एकही खरं वापरायची गरज नाही. जंगाल कागद खातो, शिशाचा शेंदूर दमट हवेत काळा पडतो आणि विषारीही आहे, गॅम्बोज आणि कोचिनील उजेडात उडतात.

त्याऐवजी नळ्या अशा. नळीवर रंगद्रव्याचा क्रमांक लिहिलेला असतो, नावापेक्षा त्यावर भरवसा ठेवा:

पिवळा पीवाय १५०. गुलाबी क्विनॅक्रिडोन रोझ, पीव्ही १९. लाल पीआर २५४, फक्त गावांच्या चिन्हांना आणि कुलचिन्हांच्या ढालींना. निळ्याला इंडिगो नावाचं मिश्रण, पण त्यात काळा जास्त असेल तर नको. त्यापेक्षा अल्ट्रामरीनमध्ये कणभर बर्न्ट अंबर बरा. मातकट रंगांत रॉ सिएना आणि बर्न्ट अंबर. हिरवा नळीतला सरळ वापरूच नका. व्हिरिडियन, पीजी १८, दोन भाग आणि रॉ सिएना एक भाग. तुमचा हिरवा खुपतोय तो बहुतेक थॅलो, पीजी ७ आहे. तो असेल तर सिएना दुप्पट घाला. विद्यार्थी प्रतीच्या डब्यांत खडूचा भराव असतो, रेघेवर पांढरट साय बसते.

पातळपणा: आतल्या हलक्या भरावाला वाटाण्याएवढा रंग १५ मिली पाण्यात, सीमेच्या पट्टीला तेवढाच ५ मिली पाण्यात. एका भागाला लागेल त्याच्या दीडपट मिश्रण आधीच करून ठेवा. मध्येच संपलं की पुन्हा तीच छटा साधत नाही. ब्रश ६ नंबरचा गोल भरावाला, २ नंबर पट्टीला, शून्य नंबर गावांना.

क्रम फिक्याकडून गडदाकडे: पिवळे भाग सगळे, वाळले की गुलाबी, मग हिरवे. त्यानंतर सीमेच्या पट्ट्या, आतल्या हंड्रेडच्या (काउंटीचे जुने पोटविभाग) २ मिमी, काउंटीच्या बाहेरच्या ४ मिमी. पट्टी सीमारेघेच्या आतल्या अंगाला धरायची आणि आतली कड लगेच ओलसर, स्वच्छ ब्रशने विरवायची. बाहेरची कड रेघेवर तीक्ष्ण राहिली पाहिजे. शेजारची पट्टी पहिली पूर्ण वाळल्याखेरीज लावायची नाही. पिवळा-निळा भिडले की मध्ये फुकटचा हिरवा धागा दिसतो.

मग झाडांना हिरव्याचा एकेक टिपका आणि डोंगरांना अंबर, कोरणाऱ्याने ज्या अंगाला रेघा घातल्यात त्याच अंगाला. उजेडाची बाजू तुम्ही ठरवायची नाही, ती ठरलेली आहे. गावाच्या चिन्हाला लाल टिंब देताना गोल झाकू नका. कार्टूश (नकाशाच्या नावाची नक्षीदार चौकट), ढाली, बाहेरची चौकट शेवटी.

कोकणातली खास अडचण म्हणजे वाळणं. ८५ टक्के आर्द्रतेत पातळ रंग बराच वेळ ओला राहतो, आपल्याला वाळल्यासारखा वाटतो आणि शेजारी नवा हात दिला की पाणी मागे शिरून कोबीच्या पानासारखी कुरळी कड उठते. बोटाच्या पाठीने चाचपा: थंड लागला तर अजून ओला आहे. हेअर ड्रायर कमी उष्णतेवर, ३० सेंमी लांबून. जवळून मारला तर रंग ढकलला जाऊन कडेला साचतो. कागद प्लायवर डिंकाच्या कागदी पट्टीने ताणून घ्या आणि काम संपेपर्यंत सोडू नका. चिकटटेपने ताणू नका, ओल्यात सुटतो आणि कोरड्यात कागद फाडतो.

होकायंत्र (रत्नागिरी)

चितारआळींच्या रंगांबद्दल दुमत नाही, आतल्या भरावाबद्दल आहे. स्पीडचा ॲटलास साधाही विकला जाई आणि रंगवूनही. जुन्या रंगीत प्रतींपैकी बऱ्याच जणींत हंड्रेडच्या सीमेवर पट्टी असते, आतला कागद जवळजवळ कोरा असतो, आणि सगळा थाट कार्टूशला, ढालींना नि कोपऱ्यातल्या शहराच्या नकाशाला दिलेला असतो. काठोकाठ भरलेल्या अनेक प्रती नंतरच्या काळात, साध्या प्रती रंगवून विकल्या गेल्या त्या आहेत. जेवणघराच्या भिंतीला भराव शोभेल हे मान्य. पण मग तो इतका पातळ ठेवा, की ‘रंग दिलाय का?’ असं कुणी विचारावं.

समुद्र भरू नका. ठिपके हाच त्याचा रंग आहे. किनाऱ्याच्या बाहेरच्या अंगाने ३-४ मिमीची निळी पट्टी, समुद्राकडे विरत गेलेली, पुरे. दोन टप्प्यांत करा: आधी किनाऱ्यालगत सेंमीभर रुंद भाग स्वच्छ पाण्याने ओलसर करायचा, चमक गेली की रेघेला टेकवून रंग सोडायचा. तो आपणच बाहेर जाऊन विरतो. कॉर्नवॉलच्या किनाऱ्याला इतकी वळणं आहेत, की एका वेळी बोटभरच लांबी घ्या.

रंगांची वाटणी: कुठलाही सपाट नकाशा चार रंगांत बसतो हे १९७६ मध्ये सिद्ध झालं, म्हणून लोक चारच वाट्या भरून बसतात. ते गणित प्रत्येक प्रदेश सलग असेल तरच लागू. विल्टशायरमध्ये काही हंड्रेडचे तुकडे इकडेतिकडे विखुरलेले आहेत आणि तुकड्याला आपल्या मूळ भागाचाच रंग द्यायचा असतो. तिथे पाचवा रंग हाताशी असू द्या. नॉरफोकात तीसहून जास्त हंड्रेड आहेत, ते पेन्सिलीने कार्डावर आखल्याशिवाय ब्रशाला हात लावू नका.

ढालींवर सगळ्यात जास्त गोंधळ होतो. राजचिन्ह १६११ चं आहे, म्हणजे पहिल्या जेम्सचं. आजचं इंटरनेटवर बघून रंगवलंत तर चुकेल. पहिल्या आणि चौथ्या चौकोनात फ्रान्स आणि इंग्लंड पुन्हा चार घरांत विभागलेले: निळ्यावर सोनेरी लिली, लालवर तीन सोनेरी सिंह. दुसऱ्यात स्कॉटलंड, सोनेरीवर लाल सिंह आणि भोवती लाल दुहेरी किनार. तिसऱ्यात आयर्लंड, निळ्यावर सोनेरी वीणा. फ्रान्सची लिली १८०१ मध्ये गेली, म्हणून आजच्या चिन्हात ती दिसत नाही. कॉर्नवॉलच्या डचीची (ड्यूकच्या जहागिरीची) ढाल काळी आणि तिच्यावर पंधरा सोनेरी नाणी. आधी नाणी पिवळ्याने रंगवून वाळवा, मग काळा त्यांच्याभोवतीनं फिरवा. उलट केलंत तर काळ्यावर पिवळा चढणार नाही.

पुढे कधी १७व्या शतकाच्या उत्तरार्धातले किंवा १८व्या शतकातले नकाशे हाती घेतलेत, तर ढालींच्या रेघाच रंग सांगतात. उभ्या रेघा लाल, आडव्या निळा, वरच्या डाव्या कोपऱ्यातून खाली उजवीकडे उतरत्या हिरवा, ठिपके सोनेरी, कोरी जागा चांदी, उभ्या-आडव्या एकमेकींत काळा. स्पीडवर ही रीत लावू नका, ती नंतर रुळली.

स्पीडच्या नकाशात रस्ते नाहीत. कुणी ‘रस्ते तपकिरी करा’ म्हणालं तर ते बहुधा नदीला रस्ता समजतायत.

चहा नको. त्यातलं टॅनिन आम्लधर्मी, ओघळ वेडेवाकडे, आणि आपल्या हवेत त्या डागांवर बुरशी पहिली येते. जुनेपणा हवा तर कोऱ्या तावावर, छपाईच्या आधी, रॉ सिएनाचा अगदी पातळ हात द्या, एक भाग रंगाला चाळीस भाग पाणी, आणि ताव पूर्ण सपाट करूनच प्लॉटरला घाला. नाहीतर सरळ मलईरंगाचा कागद घ्या, तोही छानच दिसतो. जळक्या कडा, खोटे वाळवीचे भोक, मागच्या बाजूला इंग्रजी मजकूर छापणं, असलं काही नको. मागे पेन्सिलीने ‘हाताने रंगवलेली प्रतिकृती’ आणि वर्ष लिहा. उद्या नकाशा विकला गेला तर घेणाऱ्याला फसवल्यासारखं होत नाही.

खाडीकाठ (मालवण)

मंडळी, आभार. आर्ट कार्ड बाद. तीन गोष्टी अजून. एक, कार्टूशला सोनेरी हवंय असा आग्रह आहे. बाजारात सोनेरी पूड मिळते ती चालेल? दोन, सिंधुदुर्गाचा नकाशा स्पीडच्या आडव्या चौकटीत बसत नाही, जिल्हा उभा आहे. तीन, फ्रेमचं कुणी बोललंच नाही.

चितारआळी (सावंतवाडी)

सुटी सोनेरी पूड बहुधा पितळेची असते. खाऱ्या, दमट हवेत ती आधी हिरवट आणि मग काळी पडते, कागदावरही हिरवा डाग सोडते. अभ्रकावर आधारलेला सोनेरी जलरंग घ्या, तो काळा पडत नाही. आधी पिवळ्या-सिएनाचा हात, तो वाळला की सोनेरी फक्त उजेडाच्या कडेला, शून्य नंबर ब्रशने. सगळा कार्टूश सोन्याने माखला तर लग्नपत्रिका होते.

होकायंत्र (रत्नागिरी)

जिल्हा आडवा करा. वर उत्तर असलीच पाहिजे असं जुन्या नकाशांत बंधन नव्हतं, समुद्री नकाशांत तर किनारा सोयीने फिरवलेला सर्रास दिसतो. वर पूर्व ठेवा: सह्याद्री माथ्यावर, समुद्र पायाशी, देवगड डावीकडे आणि तेरेखोल उजवीकडे. होकायंत्राच्या फुलाची उत्तर डावीकडे येईल, ती ठळक करा.

जिल्हा दक्षिणोत्तर साधारण ११५ किमी आहे. १ सेंमीला ३ किमी धरलेत तर ३९ सेंमीत बसतो आणि ५१ सेंमीच्या चौकटीत दोन्हीकडे शेजार दाखवायला जागा उरते. किनारा तिरका असल्याने दोन कोपरे मोकळे राहतात: खाली उजवीकडे समुद्र, वर डावीकडे घाटमाथा. पहिल्यात कार्टूश आणि मापपट्टी, दुसऱ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याचा आराखडा, स्पीडने कॉर्नवॉलवर लॉन्सेस्टन आणि विल्टशायरवर स्टोनहेंज बसवलंय तसा. विजयदुर्गही टाकावासा वाटेल, पण दोन किल्ले टाकले की घाट दिसेनासे होतात.

तालुके आठ आणि रंग तीनच पुरतात. देवगड, कुडाळ, दोडामार्ग पिवळे. कणकवली, वेंगुर्ला गुलाबी. वैभववाडी, मालवण, सावंतवाडी हिरवे. कुठेही सारखे दोन शेजारी येत नाहीत. जिल्हा १९८१ चा आहे, तेव्हा नकाशावर खोटं १६११ घालू नका. आजचं वर्ष त्याच वळणाच्या अक्षरात घाला.

डोंगर स्पीडसारखे सुटे उंचवटे काढा, पण सह्याद्रीला एकामागे एक तीन ओळी द्या, नाहीतर घाट वाटत नाही. करूळ, फोंडा, आंबोली इथे ओळ तोडून नाव लिहा. नद्यांत वाघोटण, गड, कर्ली आणि तेरेखोल पुरे, मुखाशी दुहेरी रेघ, आत एकेरी. जहाजं इंग्रजी गलबतांची नक्कल नको. गुराब आणि मचवा काढा, तिरक्या डोलकाठीचे. राजचिन्हाच्या जागी मनाने नवी ढाल बनवू नका. तिथे बंदरांची यादी चौकटीत द्या.

रेघेला मॅपिंग निब आणि जलरोधक कार्बन शाई. अक्षरांना मात्र निब नको, तिरका कापलेला बोरू घ्या. स्पीडच्या तिरप्या रोमन अक्षरांचे फाटे देवनागरीला चिकटवले की अक्षर केविलवाणं दिसतं. पोथीचं बाळबोध वळण, मोठ्या नावांना ६ मिमी उंची, गावांना २.५, आणि समुद्रावरच्या नावात अक्षरं दूर दूर. मूळ चित्र दीडपट मोठं काढून, स्कॅन करून, लहान करून बाकीच्या चारांसारखंच त्याच कागदावर छापा. पाचही एकाच शाईत आले तरच भिंतीवर एका घरचे दिसतील.

फ्रेमपट्टी (चिपळूण)

रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, मालवण काही मागे नाही. फ्रेम त्या हिशेबाने.

नकाशा काचेला टेकता कामा नये. काचेच्या आत दव धरलं की कागद चिकटतो, मग तो सोलूनच निघतो. २ मिमी जाडीचं आम्लरहित माउंट बोर्ड, खिडकी छापलेल्या भागापेक्षा चारी बाजूंनी सेंमीभर मोठी. नकाशा माउंटला फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी जपानी कागदाच्या बिजागरीने टांगा, खालून मोकळा ठेवा. चारी बाजू चिकटवल्या की फुगायला जागा राहत नाही आणि लाटा येतात. बिजागरीला गव्हाची खळ उत्तम धरते, पण तिच्यावर कसर येते. इथे मिथाइल सेल्युलोज दाट करून वापरा. फेव्हिकॉल आणि सेलोटेप नको.

मागे हार्डबोर्ड आणि एमडीएफ दोन्ही नकोत: एक आम्ल सोडतो, दुसरा फुगतो. ३ मिमी एसीपी शीट (ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिक) किंवा पॉलिप्रॉपिलीनची पन्हळी शीट. काच, माउंट, नकाशा, पाठ असा गठ्ठा करून चारी कडांना ॲल्युमिनियम फॉइल टेप, मग तो गठ्ठा फ्रेममध्ये. हे बंद करणं कोरड्या दिवशीच करायचं. नकाशा आणि माउंट बोर्ड दोन दिवस ५०-५५ टक्के आर्द्रतेच्या खोलीत ठेवून मगच. ऐन जुलैत बंद केलंत तर आतली ओल बाहेर जायलाच वाट नाही, आणि बुरशी तुमच्याच हाताने कोंडलेली असते. आर्द्रतामापक स्वस्त मिळतो, अंदाजावर जाऊ नका. तुमचं काम जूनमध्ये संपत असेल तर नकाशे ताणलेल्या फळीवरून सोडवून दोन टिपकागदांत, प्लायखाली वजन देऊन, कोरड्या कपाटात ठेवा आणि फ्रेम नोव्हेंबरात करा. मालकांना थांबायला सांगा.

पट्टी सागवानाची, आतून-बाहेरून पॉलिश केलेली. आंब्याच्या पट्टीला किडा लागतो. खिळे-हूक पितळेचे किंवा एसएस ३१६ चे. समुद्र जवळ असेल तर ३०४ लाही तांबूस डाग येतात. लोखंडी पिना दिल्यात तर पाठीवर गंज उतरतो.

भिंत चिऱ्याची असेल तर खालच्या दोन कोपऱ्यांना १०-१२ मिमीचे रबरी गुटके लावून मागे हवा खेळती ठेवा. पश्चिमेची, झड लागणारी बाहेरची भिंत अजिबात नको. आतली आडभिंत बघा, आणि जेवणघर आहे म्हणून सांगतो, स्वयंपाकघराच्या दारासमोर नको. काचेवरची फोडणीची वाफ पुसता येते, पट्टीच्या सांध्यात शिरलेली नाही.

कागदकाम (कुडाळ)

फ्रेमपट्टींना एक पुरवणी. टिपकागद पहिल्या दिवशी दोनदा बदला, रंगाची ओल त्यात उतरते आणि तोच परत नकाशाला देतो. अभ्रकाचा सोनेरी भाग असेल तिथे टिपकागदाऐवजी सिलिकॉन लावलेला बेकिंगचा कागद ठेवा, नाहीतर दाबात चमक उठून येते.

आणि सिंधुदुर्गाचा ताव छापताना त्याच कागदाच्या दोन प्रती जास्त काढा. हिरव्याची चाचणी त्यांच्यावरच करा, उरलेल्या कागदाच्या तुकड्यावर नको. छापलेल्या रेघेवर हिरवा किती थंड दिसतो हे कोऱ्या कागदावर कळत नाही.